जुन्या पिकअपला दोन इंचाचा बॉडी लिफ्ट टाकला, त्याची सगळी हकिकत

बॉडी लिफ्ट म्हणजे गाडीची बॉडी आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा) यांच्या मधे स्पेसर, म्हणजे ठोकळे, घालणं. तो टाकला म्हणजे गाडी उंच झाली असं सरसकट बोललं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. वर जाते ती केबिन आणि मागचा हौदा. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल (चाकांचा आस), डिफरन्शिअल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा), सायलेन्सर सगळं जिथल्या तिथं. खाली दगडाला डिफरन्शिअल घासत असेल तर नुसत्या बॉडी लिफ्टने ते तसूभरही वर जात नाही. मग फायदा काय, तर मडगार्डच्या आत जागा होते, तिथं मोठा टायर बसतो आणि जी काय उंची मिळते ती त्या टायरमुळे. माझ्या गाडीला २३५/७५ आर १५ टायर होते, म्हणजे व्यास जवळपास २९ इंच. मला ३१ इंची घालायचे होते. व्यासात फरक दोन इंचाचा, पण एक्सल वर येतो एकच इंच, कारण टायरचा अर्धाच भाग एक्सलच्या खाली असतो. एका इंचासाठी एवढा उपद्व्याप कशाला असं जो तो विचारतो, त्याला उत्तर हेच की हौस आहे, आणि गाडीखाली झोपायला मला आवडतं.

उंची वाढवायचा दुसरा रस्ता सस्पेन्शनचा. माझ्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळल्या जाणाऱ्या दांड्या, त्यांचे बोल्ट आवळले की पुढचा भाग वर येतो, बरेच जण तेवढंच करून मोकळे होतात. पण मग ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, बॉल जॉइंटवर ताण येतो, अलाइनमेंट बिघडतं आणि चाकाला खाली जायला वावच राहत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात ठाण्णकन आवाज. गाडी म्हातारी आहे, सांधे आधीच कुरकुरतात, त्यांना अजून छळायचं नव्हतं. बॉडी लिफ्टमध्ये यातल्या कशालाच हात लागत नाही. गाडीचा तोल थोडा वर सरकतो हे खरंय, पण जड माल सगळा खाली चासीवरच राहतो त्यामुळे दोन इंचात वळणावर अगदी काही वेगळी गाडी झाल्यासारखं वाटत नाही.

दोनच इंच का, तर तीन इंचाला कामाची यादी एकदम वाढते. स्टीअरिंगच्या शाफ्टला जोड, दोन्ही बंपरना नवे ब्रॅकेट, रेडिएटर खाली घ्यायचे तुकडे, गिअर लिव्हरला वाकडा जोड, आणि एवढं करून बाजूने बघितलं तर मडगार्डखालून चासी दिसत राहते. दुसरं म्हणजे स्पेसर जेवढा उंच तेवढा बोल्टवर आडवा ताण जास्त. ब्रेक दाबला की केबिन पुढे जायला बघते आणि तिला धरून ठेवतात ते हे बोल्टच, हे डोक्यात ठेवून काय ते ठरवावं.

स्पेसर घेतले ते टणक प्लॅस्टिकचे, भरीव, मधे बोल्टसाठी भोक. ॲल्युमिनियमचेही मिळतात. लाकडी ठोकळे कापून घालणारे लोक आहेत, कृपा करून हे करू नका, लाकूड पाणी पितं, सुकतं, चेपतं आणि आज टाइट केलेला बोल्ट उद्या सैल. एकावर एक दोन स्पेसर ठेवून उंची काढणं तर त्याहून वाईट. बोल्ट मूळ लांबीपेक्षा बरोबर लिफ्टएवढे लांब लागतात, आणि डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा बघूनच घ्यायचे, आकडा नसलेला बोल्ट दिसायला कितीही जाड असला तरी परत करा. माझ्या किटमधल्या दोन बोल्टचे आटे वेगळेच निघाले. जाडी तीच १२ मिलिमीटर, पण आट्यांमधलं अंतर १.७५, आणि केबिनमधले नट १.२५ चे. नुसतं बघून हे कळत नाही. नवा बोल्ट आणि जुना बोल्ट एकमेकांना चिकटवून उजेडात धरला तर आटे एकमेकात बसले पाहिजेत, मधून उजेड दिसला की समजायचं. ते दोन बदलून मिळाले पण काम तेवढं लांबलं.

आता खरं काम. या सगळ्या प्रकरणात केबिन वर उचलणं ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, अवघड आहे ते आधी हे शोधणं की केबिन आणि चासी यांच्या मधे काय काय बांधलेलं आहे. एक बाजू दोन इंच वर जाणार, दुसरी जागेवर राहणार, आणि मधली प्रत्येक नळी, केबल, वायर, दांडी ओढली जाणार. मी हातात पांढरा मार्कर घेऊन गाडीखाली गेलो आणि जे जे इकडून तिकडे जातं त्याच्यावर खूण करत सुटलो. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब नळ्यांत पाठवणारा) फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, थोडक्यात केबिनला, त्याच्या लोखंडी नळ्या खाली चासीवर. क्लचचंही तसंच, पण तिथं मधे रबरी नळी आहे, ती वाकते. हीटरचे दोन पाइप, एसीचे पाइप, ॲक्सिलरेटरची केबल, एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनकडे जाणारा मोठा पाइप, हँडब्रेकची केबल, इंजिनचं वायरिंग, डिझेल भरायचा पाइप, मागच्या दिव्यांची वायर, आणि अर्थिंगच्या पट्ट्या. ही अर्थिंगची पट्टी फसवते. छोटीशी, तेला-मातीत माखलेली, इंजिनच्या मागच्या बाजूने फायरवॉलला जाते, दिसतच नाही, आणि तुटली की मग दिवे मंद, काटे वेडेवाकडे, लोक बॅटरी बदलत बसतात.

ब्रेकच्या लोखंडी नळीला कंपनीने फायरवॉलपाशी एक वळसा दिलेला होता, तो क्लिपमधून सोडवला तर आरामात दोन इंच देत होता. तुमच्या गाडीत असा वळसा नसेल तर तिथं थांबा आणि नळी नवीन बनवून घ्या. ओढून ताणून बसवलेली ब्रेकची नळी हा विनोदाचा विषय नाही.

बोल्टवर गंज सोडवणारं तेल आठवडाभर आधीपासून रोज मारत होतो. खालून तर मारायचंच, पण नट वर केबिनच्या फरशीत असतो, म्हणून सीट काढून, गालिचा उचलून, रबरी बूच काढून वरूनही सोडलं. हे वरून तेल सोडणं फार कामाला आलं, कारण गंज असतो तो नटाच्या वरच्या बाजूला बाहेर आलेल्या आट्यांवर, आणि बोल्ट खाली काढताना तोच गंज नटातून ओढला जातो. म्हणून एकदम जोर लावायचा नाही. पाव फेरा सैल, थोडा परत आवळ, परत पाव फेरा, परत तेल. कंटाळा येतो, पण दुसरा इलाज नाही.

तरी एक नट फिरलाच, डावीकडचा मागचा. केबिनच्या फरशीत हा नट एका पातळ पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेला असतो, नट स्वतः वेल्ड नसतो, थोडा इकडे तिकडे हलता यावा म्हणून. पिंजरा गंजून गेला की नट बोल्टबरोबरच गरगर फिरतो आणि खालून तुम्ही कितीही पाना फिरवा, काही होत नाही. मित्र मदतीला होता, तो खालून ओरडतोय "अरे निघतोय निघतोय, फिरतोय मस्त", आणि मी वर बसून बघतोय तर बूचच्या भोकातून नटही तेवढ्याच मस्तीत फिरतोय. म्हणलं बाबा थांब. शेवटी वरच्या पत्र्याला तीन बाजूंनी काप देऊन झाकणासारखा उघडला, नटाला पाना लावून धरला, मग बोल्ट सुटला. नवा नट जाड पट्टीला वेल्ड करून ती पट्टी आत सरकवली आणि झाकण परत बंद करून रंग मारला. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या दोन्ही वायर सोडलेल्या, गालिचा आणि सीट बाहेर, खालचा रबरी बुश (केबिन आणि चासीमधली रबराची गादी) काढलेला, बाजूला पाण्याची बादली. केबिनच्या आत ठिणग्या म्हणजे आग लागायला वेळ लागत नाही.

बोल्ट निघाल्यावर जुने बुश बाहेर आले आणि ते बघून वाटलं की लिफ्ट नसता टाकला तरी हे काम करायलाच पाहिजे होतं. वरचा रबर एका बाजूने पार चेपून गेलेला, मधली लोखंडी नळी रबराच्या बाहेर आलेली, एका ठिकाणी रबराचा भुगाच पडला हातात. म्हणजे केबिन इतकी वर्षं लोखंडावर लोखंड अशी बसली होती आणि ती खडखड मी डॅशबोर्डची समजत होतो. जुन्या चेपलेल्या रबरावर नवा स्पेसर ठेवला तर उंची प्रत्येक कोपऱ्याला वेगळी येणार आणि दरवाजे बसणार नाहीत. लिफ्ट टाकणार असाल तर बुश नवे घालाच, त्याच्याशिवाय हात घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

चासीवरचे कप, म्हणजे ज्यात बुश बसतो ते ब्रॅकेट, तेही तपासून घ्या. पुढच्या चाकामागचे दोन चिखल साठून आतून सडतात. बारीक हातोडीने ठोकत गेलं की चांगल्या लोखंडाचा टणटण आवाज येतो आणि सडलेल्याचा बद्द. माझ्या उजव्या बाजूचा बद्द वाजला, टोच्याने दाबलं तर पापुद्रे निघाले. वेल्डिंगवाल्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "आधी हे कर, मग तुझी ती उंची." खराब भाग कापून नवी जाड पट्टी लावून घेतली.

मग उचलायचा दिवस. गाडी सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे, बॅटरी सुटी. स्टीअरिंग सरळ करून लॉक केलं आणि शाफ्टच्या जॉइंटवर रंगाची आडवी रेघ मारली, म्हणजे परत जोडताना तोच दात त्याच जागी. गाडीत एअरबॅग असेल तर शाफ्ट सुटा असताना स्टीअरिंग अजिबात फिरवायचं नाही, आतली वायरची गुंडाळी तुटते. माझ्याकडे एअरबॅग नाही, तरी लॉक ठेवलंच. फॅनचं श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं कडं, रेडिएटरपासून सोडवून इंजिनकडे सरकवून ठेवलं. डिझेल भरायच्या तोंडाचे स्क्रू काढले. गिअर लिव्हरचे रबर सोडवले. पुढच्या बंपरचे बॉडीला असलेले छोटे स्क्रू काढले, हे राहिले की बंपरची कड किंवा ग्रिलचा कोपरा तुटतो.

पद्धत अशी की एका बाजूचे सगळे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे काढायचे नाहीत, नुसते सैल करून काही आट्यांवर लटकत ठेवायचे. म्हणजे केबिन एका बाजूला उचलली जाते पण घसरून जात नाही. जॅक आणि केबिनच्या मधे लांब जाड लाकडी फळी, फरशीच्या मजबूत कडेखाली, नाहीतर जॅकचं डोकं पत्र्यात घुसतं. एकाने जॅक मारायचा, दुसऱ्याने नुसतं बघत फिरायचं, काय ताणतंय, काय अडतंय. हे बघत फिरणारं माणूस जॅक मारणाऱ्यापेक्षा महत्त्वाचं. आमचं एका ठिकाणी अडलं, जॅक जड वाटायला लागला आणि मित्र ओरडला थांब, बघितलं तर वायरिंगची एक क्लिप चासीला तशीच अडकलेली, मार्करची खूण असूनही चिखलाखाली दिसली नव्हती. ती सोडली आणि पुढे गेलो.

फटीत बोटं घालायची नाहीत, कधीच नाही. स्पेसर बाजूने धरून काठीने आत ढकलायचा, जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, शेजारी ठोकळे ठेवत जायचे. बोल्ट हाताने चढवायचे, चांगले पाच-सहा फेरे हाताने गेले पाहिजेत, मगच पाना. एक बाजू झाली, बोल्ट सैलच ठेवले, मग दुसरी बाजू. सगळे जागेवर आल्यावर केबिन हाताने ढकलून मधोमध आणली, चारही दरवाज्यांच्या फटी बघितल्या, आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले होते त्यांच्याशी ताडून, आणि मग टॉर्क पान्याने थोडं थोडं करत आलटून पालटून आवळले. टॉर्क किती तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आहे तोच. रबर आहे म्हणून अजून थोडं, अजून थोडं असं करत बसलात तर बुश चेपून परत लोखंडावर लोखंड.

हौदा सोपा निघाला. आमच्या हौद्याला रबर नाहीच, थेट चासीवर बोल्ट, मागच्या दिव्यांची वायर आणि डिझेलचा पाइप तेवढा सांभाळायचा. डिझेलचा रबरी पाइप पुरला, पण त्याच्या शेजारचा हवेचा बारीक पाइप ताणला जात होता, तो थोडा लांब घातला. हा बारीक पाइप चिमटला तर टाकी भरताना डिझेल उलटं तोंडाशी येतं.

आता उरलेली दुरुस्ती, आणि यातच जास्त वेळ गेला. रेडिएटर बॉडीला आहे, तो वर गेला, फॅन इंजिनला आहे, तो खालीच राहिला. श्राउड जसंच्या तसं लावलं असतं तर फॅनची पाती खालच्या कडेला लागली असती. श्राउडच्या कानांना खाली नवी भोकं पाडून ते रेडिएटरवर खाली सरकवलं, आणि पाती हाताने पूर्ण फिरवून चारी बाजूंनी बोटभर अंतर आहे का बघितलं. इंजिन चालू असताना थोडं हलतं, त्याचाही विचार करून अंतर ठेवा. खालचा कूलंट पाइप ताणलेला दिसत होता, तो थोडा लांब मिळाला तो घातला. स्टीअरिंगचा शाफ्ट सरकणारा आहे, दोन इंच पुरला, आत किती अडकलेला राहतो ते बघून घेतलं आणि बोल्ट नवीन टाकला.

गिअर लिव्हरचं मजेशीर आहे. गिअरबॉक्स खाली, फरशी वर, त्यामुळे आतून लिव्हर दोन इंच आखूड झाल्यासारखा वाटतो, ती सवय होते. पण फोर व्हीलचा लिव्हर फरशीच्या भोकाच्या कडेला टेकत होता, लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) टाकला की पूर्ण आत जातच नव्हता. वर रबराचं बूट असल्याने हे दिसत नाही. असाच चालवला असता तर चढावर भर जोरात असताना लो मधून बाहेर पडला असता. बूट काढून, प्रत्येक गिअर आणि प्रत्येक रेंज टाकून बघितली, भोकाची कड ग्राइंडरने वाढवली, कडेला रंग, मग बूट बसवलं.

टायर घातल्यावर पूर्ण स्टीअरिंग तोडून बघितलं. मडगार्डला कुठेच नाही, पण रिव्हर्सला डावीकडे पूर्ण तोडलं की मागे केबिनच्या माउंटच्या ब्रॅकेटला टायर जरासा लागतो. आता हा ब्रॅकेट चासीला आहे, तो वर गेलेलाच नाही, त्यामुळे याला बॉडी लिफ्टचा काडीचा उपयोग नाही, दोन इंच टाका नाहीतर तीन. स्टीअरिंगचे स्टॉप बोल्ट किंचित बाहेर काढले, वळायला थोडी जागा जास्त लागते पण घासत नाही. पुढच्या बंपरचंही तेच, तोही चासीला.

स्पीडोमीटर आता कमी दाखवतो, साधारण सात टक्के. काटा ८० वर असला तर गाडी ८६ च्या आसपास असते, ओडोमीटरही तसाच मागे राहतो, त्यामुळे ॲव्हरेज काढताना गफलत होते. गाडीचा जोरही थोडा मेला, चढाला एक गिअर खाली लवकर टाकावा लागतो. हेडलाइट वर गेलेत, ते भिंतीवर प्रकाश टाकून खाली घेतले, नाहीतर समोरचा शिव्या देणार.

काहीशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट परत टॉर्कला बघितले, दोन-तीन थोडे फिरले, बाकीचे जागेवर होते. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची रेघ मारून ठेवली आहे, रेघ तुटली की बोल्ट हलला, गाडीखाली नुसतं वाकून बघितलं तरी कळतं. खडखड गेली आहे. पुढच्या बंपर आणि ग्रिलमधली फट रबरी पट्टीने झाकली, मागचा बंपर अजून जुन्याच उंचीवर आहे, त्याच्या ब्रॅकेटला भोकं पाडून तो वर घ्यायचाय.